तारीख नसलेला संत

वाचक पुस्तकाची सूची चाळतो. आम्ही मुद्रितशोधक ती वाचतो. ओळीनं, पहिल्या 'अ'पासून शेवटच्या 'ज्ञ'पर्यंत, डाव्या हातात पट्टी आणि उजव्या हातात पेन्सिल घेऊन. काही वर्षांपूर्वी एका स्थलनामकोशाची अकारविल्हे सूची माझ्याकडे आली. 'स' लागेपर्यंत सगळं सुरळीत होतं. 'स' लागला आणि गाडी रुतली. सॅन, सान, सांत, सांता, सांतो, साओ, सेंट, सँ, सांक्ट. पट्टी खाली सरकवावी तर पुढच्या ओळीत आणखी एक. एकाच शब्दाची ही नऊ रूपं पानामागून पानं व्यापून बसली होती.

संपादकांनी फर्मान काढलं, "सगळ्यांना सेंट करून टाका. एकसारखं दिसेल."

म्हटलं, "सर, साओ पाउलोचं सेंट पॉल केलं तर ते ब्राझीलमधून उठून थेट मिनेसोटात जाऊन बसेल. तिथे आधीच एक सेंट पॉल आहे."

"मग?"

"मग जिथलं तिथं असू द्यावं."

"असू द्या. पण गोंधळ झाला तर तुम्हीच निस्तरा."

गोंधळ झालाच, आणि तो माझ्याच हातून झाला. कोशाला 'संतांच्या नावांवरून पडलेली स्थलनावे' असं एक परिशिष्ट होतं. त्यात मी न्यू मेक्सिकोतल्या सांता फे शहराची नोंद 'फे, संत' अशी लावली. पुस्तक छापून आल्यावर एका दुपारी सहज ते पान उघडलं आणि कानशिलं तापली. सांता फे म्हणजे 'पवित्र श्रद्धा'. तिथे कुणी संत नाही, बाई नाही, बुवा नाही. सांता क्रूझ म्हणजे जसा पवित्र क्रूस, तसंच हे. पेन्सिलीच्या एका फटकाऱ्यानं मी एक संत जन्माला घातली होती. पोपमहोदयांनाही ज्या कामाला वर्षानुवर्षं लागतात, ते मी चहा निवायच्या आत उरकलं होतं.

गंमत पुढेच आहे. शरमेपोटी शोधत गेले तेव्हा कळलं की अशी एक संत खरोखरच आहे. फ्रान्समधल्या आजँ गावची एक लहान मुलगी, रोमन काळात धर्मासाठी मारली गेलेली. फ्रेंचमध्ये सँत फ्वा, आणि स्पॅनिशमध्ये चक्क सांता फे. काँक नावाच्या डोंगरातल्या गावी तिची सोन्यानं मढवलेली, सिंहासनावर बसलेली मूर्ती आहे. डोळे मोठे, नजर रोखलेली. तिचा न्यू मेक्सिकोशी काही संबंध नाही, त्यामुळे चूक ती चूकच. पण त्या मूर्तीचं छायाचित्र पाहिलं तेव्हा ती माझ्याकडेच बघतेय असं वाटलं खरं.

त्या दिवसापासून एक वही केली. चार रकाने आखले. जागा, संत, संताचा सण, नाव कुणी दिलं. प्रायश्चित्त म्हणा हवं तर.

आधी शब्दाचं सांगते, कारण मराठी माणूस इथे हमखास फसतो. आपला 'संत' आणि त्यांचा 'सेंट' हे कानाला सख्खे भाऊ वाटतात. कॅटलानमध्ये तर तो शब्द 'सांत' असाच आहे. पण दोघांची घराणी वेगळी. आपला संत 'सत्' वरून आला, म्हणजे जो आहे, जो खरा आहे तो. त्यांचा आला लॅटिन 'सांक्टुस'वरून, म्हणजे पवित्र ठरवला गेलेला, वेगळा काढून ठेवलेला. एकाकडे असणं आहे, दुसऱ्याकडे ठरवणं. नावं ठेवण्याच्या बाबतीत हा फरक फार कामाला येतो असं मला नंतर कळलं, कारण नकाशावरचे संत बहुतेक वेळा कुणीतरी ठरवलेलेच असतात.

ते कसं ठरवत, हे वहीच्या तिसऱ्या रकान्यानं सांगितलं. कॅथलिक पंचांगात जवळजवळ प्रत्येक तारखेला कुणी ना कुणी संत असतो. त्याचा सण साधारणपणे त्याच्या मृत्यूच्या दिवशी. त्या दिवसाला ते जन्मदिवस म्हणतात, स्वर्गातला जन्म. आपल्या 'पुण्यतिथी'च्या पुष्कळ जवळची ही कल्पना. आता पंधराव्या-सोळाव्या शतकातलं जहाज डोळ्यांपुढे आणा. महिनोन् महिने पाणी, मग एका सकाळी क्षितिजावर काळी रेघ. जमीन! नाव काय द्यायचं? जहाजावर धर्मगुरू असतो, त्याच्याकडे प्रार्थनापुस्तक असतं, पुस्तकात पंचांग असतं. आज कोण? अमुक संत. झालं बारसं. तिथे आधीपासून माणसं राहत असतील आणि त्यांच्या तोंडी काही नाव असेल, हा विचार त्या पुस्तकात नव्हता.

२८ ऑगस्ट १५६५ ला पेद्रो मेनेंदेस दे आविलेस या स्पॅनिश सरदाराला फ्लोरिडाचा किनारा दिसला. तो दिवस हिप्पोच्या ऑगस्टीनचा. म्हणून वसाहतीचं नाव सेंट ऑगस्टीन. युरोपीयांनी वसवलेलं आणि तेव्हापासून सलग नांदत असलेलं, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मुख्य भूमीवरचं हे सगळ्यात जुनं शहर. आज अल्जीरिया म्हणतात त्या मुलखात जन्मलेला आणि तिथेच बिशप म्हणून ४३० साली वारलेला हा विद्वान अटलांटिकच्या पलीकडे एका गावाला नाव देऊन बसला. त्याच वर्षीच्या शरदात मेनेंदेसनं जवळच शरण आलेल्या फ्रेंच प्रोटेस्टंटांना शेकड्यांनी कापून काढलं. त्या जागेच्या खाडीला मातान्सास म्हणतात, म्हणजे कत्तली. नकाशावर दोन्ही नावं एकाच किनाऱ्यावर थोड्या अंतरानं आहेत, सारख्याच टायपात.

आता बोट पश्चिमेला न्यायचं, साडेतीन हजार किलोमीटर. महाद्वीपाच्या दुसऱ्या टोकाला, पॅसिफिकच्या काठावर, सांता मोनिका. मोनिका ही ऑगस्टीनची आई. पोरगा बुद्धीनं तल्लख आणि वागण्यानं उनाड. लग्नाविना संसार, भलत्याच पंथाचा नाद. आई वर्षानुवर्षं त्याच्यासाठी रडली. एका बिशपनं तिला शेवटी वैतागून सांगितलं की, जा बाई, इतक्या आसवांचं पोर वाया जायचं नाही. हे ऑगस्टीननंच पुढे लिहून ठेवलंय. आफ्रिकेतून तो तिला चुकवून, खोटं सांगून रात्रीच्या जहाजानं रोमला पळाला, तर ही मागोमाग समुद्र ओलांडून इटलीत हजर. कॅलिफोर्नियात तिथल्या मूळच्या टोंगवा लोकांचे जुने झरे होते, कुरुवुंगना नावाचे. तिथलं झिरपतं पाणी पाहून स्पॅनिशांना मोनिकेची आसवं आठवली आणि त्यावरून नाव पडलं, असं सांगतात.

मोनिकेचा सण पूर्वी ४ मे ला असे. १९६९ साली रोमनं पंचांगाची झाडझूड केली तेव्हा तिला २७ ऑगस्टला आणून बसवलं, मुलाच्या आदल्या दिवशी. पंचांगात आई एक दिवस पुढे, नकाशात एक खंडभर मागे. वहीत या दोन ओळी एकाखाली एक लिहिताना जरा थांबले होते. माझ्याही आईनं असाच प्रवास केला होता माझ्या मागे. त्याची हकिगत इथे नको.

तारखेचा दुसरा विलक्षण खेळ रिओ दि जानेरोचा. हे झालं लाडकं नाव. पाळण्यातलं नाव साओ सेबास्तियाओ दो रिओ दि जानेरो. सेबास्टियन हा रोमन सैनिक. धर्म लपवला म्हणून त्याला खांबाला बांधून बाणांनी विंधलं. चित्रकारांनी त्याला कायम याच अवस्थेत रंगवलं, अंगात बाण रुतलेले, नजर वर. खरं तर आख्यायिकेप्रमाणे तो बाणांनी मेलाच नाही, नंतर त्याला बडवून मारलं. पण चित्रापुढे कथा कोण विचारतो? एस्तासिओ दे सा या पोर्तुगीज तरुणानं १ मार्च १५६५ ला शहराची स्थापना करून ते या संताला वाहिलं. पोर्तुगालच्या बालराजाचं नावही सेबास्तियाओच होतं, एका दगडात दोन पक्षी. दोन वर्षांनी फ्रेंचांवर आणि त्यांच्या तिथल्या मूळच्या तामोयो मित्रांवर निर्णायक हल्ला करायचा होता, त्यासाठी संताचाच सण निवडला, २० जानेवारी. त्या लढाईत एस्तासिओच्या तोंडावर बाण लागला आणि महिनाभरानं तो त्या जखमेनं वारला. हे मी आधी खोटंच समजले होते. इतकं बेतशीर आयुष्यात घडत नाही, कुणीतरी जुळवलं असणार, म्हणून समासात प्रश्नचिन्ह काढलं. दोनतीन ठिकाणी ताडून पाहिल्यावर खोडलं.

पण सगळ्यात जास्त वेळ मी घालवला असिसीकर फ्रान्सिसपाशी. कापडव्यापाऱ्याचा मुलगा. बापानं बिशपसमोर उभं केलं तेव्हा अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या हवाली केले आणि उघडा बाहेर पडला. गरिबी ही माझी नवरी, असं म्हणणारा. असिसीच्या खाली मैदानात एक पडकं, इवलंसं देऊळ होतं. त्याला पोर्तियुंकुला म्हणत, म्हणजे छोटासा तुकडा, जमिनीचा बारका वाटा. देवदूतांच्या राणीचं, म्हणजे मारियेचं ते स्थान. बेनेडिक्टाइन मठानं ते त्याला वापरायला दिलं. फ्रान्सिसनं मालकी घेतली नाही. वर्षाकाठी टोपलीभर मासे भाडं म्हणून मठाला पोचवत असे, अशी परंपरा सांगते. १२२६ च्या ऑक्टोबरात तो मेला, तो त्याच देवळाशेजारी, जमिनीवर.

१७६९ च्या २ ऑगस्टला स्पॅनिश मोहीम कॅलिफोर्नियात एका नदीकाठी पोचली. बरोबरचे धर्मगुरू फ्रान्सिसचे अनुयायी, आणि २ ऑगस्ट हा पोर्तियुंकुलाचा सण. नदीला नाव मिळालं ते पोर्तियुंकुलाच्या देवदूतांच्या मारियेचं. बारा वर्षांनी, १७८१ मध्ये, तिथे ४४ माणसांची वस्ती झाली. लांबलचक नाव झिजत झिजत उरलं लॉस एंजेलिस. देवदूत राहिले, मारिया गळाली, आणि 'छोटासा तुकडा' तर पार गळाला. ज्या शहराची हद्द कुठे संपते हे गाडीत तास घालवल्याशिवाय कळत नाही, त्याच्या नावाच्या मुळाशी एक टोपलीभर माशांच्या भाड्याची खोली आहे. वर उत्तरेला फ्रान्सिसचं स्वतःचं शहर. तिथली वस्ती आधी येर्बा ब्वेना म्हणून ओळखली जाई, पुदिन्याच्या कुळातल्या एका रानवनस्पतीवरून. १८४७ साली अधिकृतपणे ती सॅन फ्रान्सिस्को झाली, आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात सोनं सापडलं. गरिबीच्या नवऱ्याच्या गावात सोन्यासाठी जहाजांची रांग लागली. आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, सिलिकॉन व्हॅलीच्या ऐन मध्यात, सांता क्लारा. फ्रान्सिसची सखी क्लारा, जिनं पोपशी वर्षानुवर्षं झगडून एक हक्क मिळवला. कशाचीही मालकी नसण्याचा हक्क.

या सगळ्यात रमून जायला होतं, पण वहीचा चौथा रकाना रमू देत नाही. नाव कुणी दिलं? कॅलिफोर्नियातल्या पहिल्या नऊ धर्मठाण्यांचा संस्थापक हुनिपेरो सेरा. त्या ठाण्यांत मूळच्या लोकांना कोंडल्यासारखं ठेवलं गेलं. फटके होते, आणि रोगराईनं माणसं हजारोंनी मेली. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी या सेराला संतपद दिलं, आणि २०२० च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या उद्यानातला त्याचा पुतळा लोकांनी दोर लावून पाडला. नाव देणारा स्वतःच संत झाला आणि त्याच्याच गुरूच्या शहरात आडवा झाला. यावर माझं मत मी राखून ठेवते असं म्हणणार होते, पण ते खरं नाही. मला पुतळा पडल्याचं वाईट वाटलं नाही.

कॅरिबियन बेटांवर हे जास्त ठळक दिसतं. सेंट लुसिया हा देश आंधळ्यांची कैवारी असलेल्या सिराक्यूजच्या लुसियेच्या नावानं ओळखला जातो. पण तिथे विमानातून उतरलं की पहिली पाटी दिसते ती हेवानोरा विमानतळाची. बेटाच्या जुन्या नावाचं ते रूप, इग्वानांचं बेट. सेंट किट्स म्हणजे सेंट ख्रिस्तोफर, प्रवाशांचा राखणदार. 'किट' हे ख्रिस्तोफरचं घरातलं हाक मारायचं नाव. एका देशाला असं लाडानं हाक मारतात याचं मला फार अप्रूप वाटतं. त्याच बेटावरचा ज्वालामुखी पूर्वी माउंट मिझरी होता, आता लियामुइगा आहे, म्हणजे सुपीक भूमी, मूळ रहिवाशांनी बेटाला दिलेलं नाव. खाली संत, डोंगरमाथ्यावर जुनं नाव.

आणि संतांनी फक्त इतरांनाच हटवलं असंही नाही. सॅन डिएगोचा उपसागर १५४२ साली स्पेनच्या काब्रियो या दर्यावर्दीला सापडला तो सप्टेंबरच्या अखेरीस, संत मायकलच्या सणाच्या तोंडावर. म्हणून सान मिगेल. साठ वर्षांनी विस्काइनो हा दुसरा स्पॅनिश दर्यावर्दी नोव्हेंबरात आला. त्याच्या जहाजाचं नाव सान दिएगो आणि त्या संताचा सणही त्याच आठवड्यात. मिगेल गेला, दिएगो आला. देवदूतांचा सेनापती एका साध्या मठातल्या बंधूपुढे हरला, केवळ विस्काइनोनं यायचा महिना वेगळा निवडला म्हणून.

राज्यकर्त्यांना संत खुपले की काय होतं तेही थोडक्यात सांगते, कारण ही गोष्ट सगळीकडे एकच आहे. फ्रेंच क्रांतीत सँ देनीचं फ्रान्सिआद झालं, सँ त्रोपेचं एराक्ली. डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या हुकूमशहानं सांतो दोमिंगोला १९३६ मध्ये स्वतःचं नाव लावलं, सिउदाद त्रुहियो. १९६१ मध्ये त्याला गोळ्या घातल्या, त्याच वर्षी जुनं नाव परत. सेंट पीटर्सबर्ग १९१४ ला पेट्रोग्राड, १९२४ ला लेनिनग्राड, १९९१ ला मतदान घेऊन पुन्हा सेंट पीटर्सबर्ग. आम्हा प्रूफवाल्यांना एवढंच कळतं की प्रत्येक वेळी सगळे नकाशे पुन्हा छापावे लागले. उलट मिनेसोटाच्या सेंट पॉलचं कुणी परत जुनं करायला निघालं नाही. १८४१ मध्ये एका फ्रेंच धर्मगुरूनं ओंडक्यांचं चॅपेल बांधून ते प्रेषित पौलाला वाहिलं, त्याआधी त्या वस्तीला एका दारूविक्याच्या टोपणनावावरून 'पिग्ज आय' म्हणत, डुकराचा डोळा. राज्याची राजधानी डुकराचा डोळा!

वही भरत गेली तसतशी माझी नजर कथेवरून अक्षरांवर घसरायला लागली. शेवटी खोड ती. कितीतरी तारखा जुळत नाहीत हे दिसायला लागलं. सेंट व्हिन्सेंट बेट कोलंबसनं २२ जानेवारी १४९८ ला, संत व्हिन्सेंटच्या सणाला पाहिलं, असं ठिकठिकाणी लिहिलेलं आढळतं. त्या जानेवारीत कोलंबस स्पेनमध्ये होता; तिसऱ्या सफरीला तो निघाला मे अखेर. सेंट हेलेना बेट पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव द नोव्हाला २१ मे १५०२ ला सापडलं म्हणतात, हेलेनेच्या सणाला. पण २१ मे हा तिचा सण पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचा. कॅथलिकांचा १८ ऑगस्ट. कॅथलिक पोर्तुगीज खलाशी ग्रीकांचं पंचांग कशाला उघडेल? रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनची ही आई, जिनं खरा क्रूस शोधून काढला अशी श्रद्धा आहे, तिच्या बेटावर नेपोलियननं शेवटची साडेपाच वर्षं काढली. त्याचा प्रत्येक दिवस नोंदलेला आहे. तिच्या एका तारखेचा मात्र पत्ता लागत नाही.

मग अक्षरांच्या चोऱ्या. जुन्या स्पॅनिशमध्ये याकोब म्हणजे यागो. संत यागो, सांत यागो, सांतियागो. चिलीची राजधानी, क्युबातलं शहर, गालिसियातलं जगप्रसिद्ध तीर्थ, सगळीकडे हाच. बोलताना 'त' कुणाचा हेच कुणाला आठवेना. पोर्तुगीजांनी शब्द तोडला तो साओ तियागो असा, आणि तियागो हे वेगळंच नाव जन्माला आलं. संतपणातला एक तुकडा मुलांच्या नावाला चिकटला. लंडनमध्ये असंच उलट झालं. सेंट ओलाव्ह हा नॉर्वेचा राजा. त्याच्या चर्चवरून पडलेल्या रस्त्याच्या नावातला संत हळूहळू गिळला गेला, उरला त्याचा फक्त 'ट', आणि रस्ता झाला टूली स्ट्रीट. तिथून रोज जाणाऱ्याला आपण एका राजाच्या अंगावरून चालतोय हे कळायला मार्ग नाही. सांतोरिनी बेटात सांता इरिनी दडलीय. अर्जेंटिनावाले फॉकलंड बेटांना माल्व्हिनास म्हणतात, ते आलं फ्रेंच मालुइन वरून, म्हणजे सँ मालो बंदराचे लोक, कारण १७६४ मध्ये तिथे पहिली वस्ती केली ती त्या बंदरातून निघालेल्यांनी. आणि मालो हा सहाव्या शतकातला, वेल्समधून ब्रिटनीत आलेला मठवासी. १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना युद्धात ज्या नावानं दक्षिण अटलांटिकमध्ये जहाजं बुडाली, त्याच्या पोटात असा एक मठवासी होता. प्वेर्तो रिकोत तर अख्खी नावंच आपसांत बदलली. बेट होतं सान हुआन, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं, आणि बंदर होतं प्वेर्तो रिको, श्रीमंत बंदर. आज बेट श्रीमंत बंदर आहे आणि बंदर योहान. आमच्याकडे याला ओळी उलटल्या म्हणतात आणि ठेकेदाराचे पैसे कापतात.

व्हर्जिन आयलंड्सचा किस्सा याहून भारी. १४९३ मध्ये कोलंबसला बेटंच बेटं दिसली, मोजता येईनात, तेव्हा त्याला संत उर्सुला आणि तिच्यासोबतच्या अकरा हजार कुमारिका आठवल्या. कोलोन शहरात हूणांच्या हातून मारल्या गेलेल्या. मॅगेलननंही १५२० च्या २१ ऑक्टोबरला, उर्सुलेच्या सणाला, सामुद्रधुनीच्या तोंडाशी असलेल्या भूशिराला याच अकरा हजार जणींचं नाव दिलं. आता अकरा हजार मुली एका गावी? अभ्यासकांचं एक मत असं की जुन्या लिखाणात रोमन आकड्यातला अकरा आणि पुढे 'एम' हे अक्षर होतं. 'एम' म्हणजे मार्तिर, रक्तसाक्षी. नकलाकारानं तो वाचला हजार. अकरा जणींच्या अकरा हजार झाल्या. हे वाचलं तेव्हा माझा 'फे, संत' मला फारच क्षुल्लक वाटायला लागला. मी एक निर्माण केली होती, त्यानं एका फटक्यात दहा हजार नऊशे एकोणनव्वद.

वहीत एकच ओळ अशी आहे जिचा तिसरा रकाना बरेच दिवस कोरा होता.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, हेब्रिडीज बेटांच्याही पलीकडे सुमारे ६४ किलोमीटर, उघड्या अटलांटिकमध्ये खडकांचा एक पुंजका आहे. सेंट किल्डा. संत किल्डा कोण? कुणीच नाही. या नावाचा संत कुठल्याही पंचांगात, कुठल्याही चर्चच्या यादीत सापडत नाही. पुरुष की बाई, तेही ठरवायला आधार नाही. तिथले लोक स्वतःच्या बेटाला हिर्टा म्हणत. मग किल्डा आला कुठून? जुन्या सागरी नकाशांवर त्या बाजूला स्किल्डार असं एक नाव दिसतं. नॉर्स भाषेत स्किल्डिर म्हणजे ढाली. एक मत असं की नकाशे नकलून काढताना कुणाच्या तरी हातून पहिला 'स' सुटा पडला, त्याच्यापुढे टिंब आलं, आणि सुटा 'स' व टिंब म्हणजे नकाशावाल्यांच्या लिपीत संत. एका टिंबानं ढालींचा संत केला. दुसऱ्याही व्युत्पत्ती आहेत, पण मला ही पटते. टिंब कुठे पडतं आणि काय करतं हे मी पोटापाण्यासाठी पाहत आलेय.

या नसलेल्या संताचं पुढे चांगलं चाललं. 'लेडी ऑफ सेंट किल्डा' नावाची शिडाची बोट १८४१ मध्ये मेलबर्नच्या किनाऱ्याला नांगरून होती. तिच्यावरून शेजारच्या वस्तीचं नाव सेंट किल्डा पडलं. आज ते गजबजलेलं उपनगर आहे. आणखी एक सेंट किल्डा न्यूझीलंडमध्ये डनेडिनला, एक ॲडलेडजवळ. अस्सल संतांनाही एवढी गावं मिळत नाहीत.

मूळच्या बेटावरची माणसं मात्र समुद्रपक्ष्यांवर जगत. दोर बांधून कड्यांवरून उतरायचं, फुलमार आणि गॅनेट पकडायचे, त्यांची अंडी, मांस, पिसं, तेल. तरुण एकेक करून निघून गेले, आजारपणात मदत पोचेना, आणि १९३० मध्ये उरलेल्यांनी स्वतःच सरकारला अर्ज केला की आम्हाला इथून न्या. उरलेले म्हणजे ३६ जण. न्यायला जहाज आलं त्या सकाळी त्यांनी घरं आवरली. प्रत्येक घरात उघडं बायबल आणि शेजारी ओटच्या दाण्यांची लहानशी रास ठेवली आणि दारं लावून घेतली, असं सांगतात. दाणे कुणासाठी, ते मला कळलेलं नाही. पक्ष्यांसाठी असतील.

तो दिवस २९ ऑगस्ट. मोनिका २७, ऑगस्टीन २८, आणि त्यानंतरचा हा. पंचांगात २९ ला जागा रिकामी नाही. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा शिरच्छेद त्या दिवशी पाळतात. तरी मी वही उघडली, किल्डाच्या ओळीवर पट्टी ठेवली आणि तिसऱ्या रकान्यात पेन्सिलीनं, खोडता येईल असं, लिहिलं: २९ ऑगस्ट.